कारखान्यात ट्रेनिंगला निघालेला मुलगा आणि फर्स्ट एडचं सर्टिफिकेट

दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रेनिंगला जाणार आहे. कॉलेजनं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट आणायला सांगितलंय. एक दिवस बसलं की मिळतं म्हणे. त्यातून खरंच काही येतं का? आणि तिथे काही लागलं-खुपलं तर बघणार कोण, कॉलेज की कंपनी?"

ताई, एका दिवसात येतं. पण तो दिवस कसा घालवला आणि मुलगा नेमका कुठल्या कामावर जाणार आहे, यावर सगळं आहे. मी बडोद्यातल्या कारखान्यांमध्ये सेफ्टी विभागात उमेदीची वर्षं घालवली आणि आता आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांना प्रथमोपचार शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रेनिंगला गेलेला मुलगा कारखान्यातल्या इतर माणसांपेक्षा वेगळा असतो. त्याला जागा माहीत नसते, यंत्राचा स्वभाव माहीत नसतो, आणि मुख्य म्हणजे तिथे बोलायची छाती नसते. समोर पंचवीस वर्षं लेथवर उभा राहिलेला कारागीर असतो, मागे रिपोर्टवर सही करणारे साहेब असतात. यंत्राचा गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, काढलेला दिसला तरी मुलगा गप्प राहतो, "आपण शिकायला आलोय, आपल्याला काय कळतंय" असं म्हणून. बोटाला कापलं तर रुमाल गुंडाळून हात खिशात घालतो, कारण बोललो तर घरी पाठवतील अशी भीती. मला या गप्प बसण्याची जखमेपेक्षा जास्त काळजी वाटते. म्हणून माझ्या वर्गात पट्टी बांधायला नंतर शिकवतो. आधी शिकवतो ते यंत्र बंद करायला आणि जोरात ओरडायला. खरोखर ओरडून दाखवायला लावतो, "मशीन बंध करो!" असं, गुजरातीत, कारण शॉपवर, म्हणजे यंत्रं चालतात त्या जागी, तीच भाषा चालते. घरात मराठी बोलणारी आपली मुलं ऐन वेळी अडखळतात. पहिल्यांदा सगळे लाजतात. तिसऱ्या खेपेला आवाज निघतो.

आता शिबिराबद्दल. सेंट जॉन अँब्युलन्सचं किंवा रेड क्रॉसच्या शाखेतून झालेलं प्रशिक्षण असेल तर उत्तम. सेंट जॉनचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पण कागद कुणाचा आहे यापेक्षा मी एकच गोष्ट विचारतो: छाती दाबायचा पुतळा किती मुलांमागे एक होता? साठ मुलं, एक पुतळा आणि भिंतीवर स्लाइड असा दिवस गेला असेल, तर मुलाला सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून, श्वास देऊन करायचा उपचार) माहीत झाला, आला नाही. प्रत्येक मुलानं पुतळ्यावर सलग दोन मिनिटं दाबलं पाहिजे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. हे केल्यावर धडधाकट मुलालाही घाम फुटतो, मनगटं दुखतात, आणि दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा ते न सांगता कळतं. तोंडानं श्वास द्यायला संकोच वाटत असेल किंवा नीट शिकलेलं नसेल तर नुसती छाती दाबत राहावी. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. हे हाताचं कसब काही महिन्यांत ढिलं पडतं. जानेवारीत शिबिर आणि मे महिन्यात ट्रेनिंग असेल तर जाण्याआधी तासभर पुन्हा सराव करून घ्या, कॉलेजला तसं सांगा.

दुसरी गोष्ट, शिबिर कामाला जोडलेलं हवं. बडोद्याभोवती दोन निराळ्या दुनिया आहेत. मकरपुऱ्यात लेथ, मिलिंग, प्रेस, ग्राइंडर, वेल्डिंग, फॅब्रिकेशन. नंदेसरीकडे आणि कोयली रिफायनरीच्या पट्ट्यात रसायन. यंत्रावर जाणाऱ्या मुलाला आणि रसायनात जाणाऱ्या मुलाला एकच भाषण देऊन चालत नाही. तुमचा मुलगा मकरपुऱ्याला जाणार, तर त्याला साप चावल्यावर काय करायचं हे आलं नाही तरी तूर्त चालेल, पण बोट, डोळा, भाजणं आणि शॉक या चार गोष्टी आल्याच पाहिजेत.

बोट तुटलं, म्हणजे प्रेसखाली किंवा बेल्टमध्ये जाऊन वेगळं झालं, तर लोक दोन चुका करतात. एक म्हणजे हाताला करकचून दोरी बांधतात. दुसरी म्हणजे तुटलेला तुकडा सरळ बर्फात टाकतात. रक्त थांबवायला जखमेवर स्वच्छ कापड धरून तळहातानं घट्ट दाबायचं, हात वर धरायचा, आणि काढून काढून बघायचं नाही. कापड भिजलं तर वरून दुसरं. बोटाचा तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला की पेशी मरतात आणि मग ते बोट सर्जनच्या काही कामाचं राहत नाही. नीट थंड ठेवलेलं बोट पुन्हा जोडता येण्याची शक्यता काही तास टिकते. तुकडा शोधायला एक जण मागे ठेवा, पण माणसाला त्याच्यासाठी थांबवू नका. आणि अंगात काही घुसून बसलं असेल, पत्रा, सळई, काहीही, तर ते ओढून काढायचं नाही. आजूबाजूनं कापडाचा आधार देऊन तसंच हॉस्पिटलला न्यायचं.

डोळ्याचं सांगतो, कारण यात घरच्यांचाही संबंध येतो. वेल्डिंगचा उजेड चष्म्याशिवाय बघितला तर त्या वेळी काही होत नाही. मुलगा घरी येतो, जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी, बहुतेक वेळा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन उठतो. डोळे उघडवत नाहीत, पाणी गळतं. घाबरून जाऊ नका. दिवा मालवा, बंद पापण्यांवर गार पाण्याची घडी ठेवा, डोळे चोळू देऊ नका, आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बटाट्याच्या चकत्या, मध, दूध यातलं काही डोळ्यात घालू नका. शॉपवर कुणीतरी एक "जादूचा ड्रॉप" काढून देतो. तो भूल देणारा थेंब असतो, दुखणं थांबवतो आणि बुबुळ भरून यायला अडथळा करतो. तो घेऊ नकोस, असं मुलाला आधीच सांगून ठेवा. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुवायचं. तरीही टोचत असेल तर डॉक्टर. रुमालाचं टोक, मॅचची काडी हे कारागीर लोकांचे उपाय त्याच्या डोळ्यावर होऊ देऊ नका.

भाजल्यावर फक्त वाहतं साधं पाणी, २० मिनिटं. वीस मिनिटं खूप लांब वाटतात, घड्याळ लावा. टूथपेस्ट, हळद, तूप, शॉपवर हाताशी असतं म्हणून ग्रीस, यातलं काही लावलं की डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. अंगठी, घड्याळ, कडं लगेच उतरवायचं, सूज आली की निघत नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर तेवढा भाग सोडून बाकीचा कापायचा. फोड फोडायचे नाहीत.

शॉकमध्ये पहिला हात माणसाला नव्हे, मेन स्विचला लागला पाहिजे. शॉपवर तीन फेजचा ४१५ व्होल्टचा पुरवठा असतो. माणूस चिकटलेला असताना त्याला धरणारा दुसराही चिकटतो. म्हणून पहिल्याच दिवशी मुलानं मेन स्विच आणि प्रत्येक यंत्राचं लाल बटण कुठे आहे ते डोळ्यांनी बघून घ्यावं, दाखवायला सांगावं. शॉक बसून उठलेला माणूस "काही नाही झालं" म्हणाला तरी त्याचा ईसीजी काढायचा. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

नंदेसरीच्या बाजूला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी इतकंच: अंगावर रसायन सांडलं तर कपडे काढत काढतच शॉवरखाली जायचं, लाज बाजूला ठेवून. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून कमीत कमी १५ ते २० मिनिटं धुवायचं. कॉस्टिक सोड्यासारखं रसायन डोळ्यात गेलं तर अॅसिडइतकी आग सुरुवातीला होत नाही, म्हणून मुलं लवकर थांबतात, आणि तेच जास्त खोल जाऊन नुकसान करतं. आणि एक गोष्ट पाठच करून घ्यावी: टाकीत, खड्ड्यात, गटाराच्या चेंबरमध्ये कुणी कोसळलेलं दिसलं तर मागोमाग आत उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड असेल किंवा नुसता नायट्रोजन भरून ऑक्सिजन संपलेला असेल, आत जाणारा दुसराही तिथेच पडतो. या देशात अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच किती गेले, ते आपण पेपरात वाचत आलोय. बाहेरून ओरडायचं, हवेची नळी लावलेल्या प्रशिक्षित माणसांना बोलवायचं. तरुण मुलाला हे सांगणं अवघड जातं, कारण त्याचं मन धावायचं म्हणतं. म्हणूनच ते आधी सांगावं लागतं.

आता कंपनीच्या बाजूचं. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम ४५ मध्ये प्रथमोपचाराच्या पेटीबद्दल जे लिहिलं होतं ते वाचलं की वाटतं, लिहिणाऱ्यानं कारखाना जवळून बघितला होता. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी. पेटीत ठरवून दिलेल्या सामानाशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही. प्रत्येक पेटी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात, त्याच्याकडे राज्य सरकारनं मान्य केलेलं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र हवं, आणि कामाच्या वेळेत तो सतत हाताशी हवा. ५०० हून जास्त कामगार असतील तर वेगळी अँब्युलन्स रूम. हा कायदा आणि आणखी बारा मिळून २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत आणले गेले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, पण पेटीमागचा विचार तोच आहे.

प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगतो. एका शेडमध्ये, नाव घेत नाही, मुलांना भेटायला गेलो असताना पेटी बघायला मागितली. ऑफिसच्या भिंतीवर, काचेची, छान. कुलूप लावलेलं. चावी स्टोअरवाल्याकडे, आणि स्टोअरवाला जेवायला गेलेला. तो आला, उघडली. आत डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, तारीख उलटून गेलेली जंतुनाशकाची बाटली, गोंद सुकून पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, चलनाचं एक पुस्तक आणि कुणाची तरी मोबाइलची वायर. निर्जंतुक गॉज एकही नाही, कात्री नाही, हातमोजे नाहीत. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. लगेच त्यानं सामान आणायला माणूस धाडला आणि चावी पेटीलाच टांगली. त्याला कुणी कधी उघडून दाखवायला सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून मी कॉलेजच्या प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना आग्रहानं सांगतो की कंपनीशी पत्रव्यवहार करताना पेटी उघडून बघा, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव विचारा. उत्पादन काय आणि टर्नओव्हर किती हे विचारणारे खूप भेटतात.

तुमच्यासारख्यांना आणखी एक सावध करतो. काही ठिकाणी ट्रेनिंगला आलेल्या मुलाचं सर्टिफिकेट फाइलला लावून त्यालाच शिफ्टचा प्रथमोपचारक दाखवतात. हे चालू देऊ नका. सहा आठवड्यांसाठी आलेला सतरा वर्षांचा मुलगा तिथल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी घेऊ शकत नाही. त्यानं मदत करावी, जरूर करावी, पण प्रमाणपत्रधारक माणूस कंपनीचा स्वतःचा हवा.

वयाचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेला मुलगा दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अठराचा झालेला नसतो. जुन्या फॅक्टरी अॅक्टच्या भाषेत तो किशोर. त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे चालू यंत्राचे धोक्याचे भाग पुसणं, त्यांना तेल घालणं, ते सेट करणं अशी कामं त्याला देता येत नसत. कलम २३ प्रमाणे धोकादायक यंत्रावर त्याला उभं करायचं तर धोके पूर्ण समजावून सांगितलेले असावे लागत, आणि पुरेसं शिक्षण तरी झालेलं असावं लागे किंवा जाणकार माणसाची देखरेख तरी. अप्रेंटिस कायद्यातही धोक्याच्या उद्योगांसाठी किमान वय १८ आहे. "पोरगा तयार आहे, हात चलाख आहेत" हे इथे उत्तर होत नाही. दुर्दैवानं लहान शेड कायद्याच्या कक्षेबाहेरही राहतात. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेला १० कामगारांपासून कारखाना धरायचे, नव्या संहितेत हा आकडा २० केला. मकरपुऱ्यात अशा लहान शेड काही कमी नाहीत. तिथे कायदा बघत नसेल तर कॉलेजनं आणि घरच्यांनी बघायचं.

काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे विचारलंत ते फार बरं केलंत. मुलगा १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेला अप्रेंटिस असेल तर चित्र स्वच्छ आहे. करार असतो, स्टायपेंड असतो, सुरक्षिततेच्या तरतुदी कामगारांसारख्याच लागू होतात, आणि कामात इजा झाली तर नुकसानभरपाई देणं मालकावर येतं. पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, कॉलेजच्या नुसत्या पत्रावर गेलेला विद्यार्थी अप्रेंटिस होत नाही, आणि पगारी कामगारही होत नाही. त्याच्याकडे ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेचं, कार्डही नसतं. अशा मुलाचं काय, ते त्या पत्रात काय लिहिलंय यावर जाऊन थांबतं. म्हणून पत्र हातात घेऊन वाचा. त्यात मुलाचं नाव, विभाग, वेळ, कोणाच्या देखरेखीखाली, आणि इजा झाल्यास पहिला उपचार आणि त्याचा खर्च कोण करणार, हे असावं. कॉलेजनं विद्यार्थ्यांचा अपघात विमा काढला असेल तर तो कॅम्पसबाहेर, ट्रेनिंगच्या जागी लागू आहे का हे विचारा, आणि पॉलिसीची प्रत मागा. "आहे, आहे" एवढ्यावर उठू नका.

एक जमून येणारी गोष्ट आहे, ती जरूर करायला सांगा. पहिल्या दिवशी मुलानं सुपरवायझरला बरोबर घेऊन एक फेरी मारायची: पेटी, मेन स्विच, डोळे धुवायची जागा, बाहेर पडायचा दुसरा रस्ता, आणि १०८ ला सांगायचा पत्ता. गुजरातमध्ये १०८ ची सेवा २००७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि ती गाडी येते, याबद्दल लोकांच्या मनात विश्वास आहे. पण पत्ता सांगता आला पाहिजे. वर्गात मी फोनचा सराव घेतो. मी ऑपरेटर होतो, मुलगा फोन करतो. "सर, लवकर या, मकरपुरा जीआयडीसी." मी विचारतो, कुठे? "जीआयडीसीत, सर." प्लॉट नंबर? गप्प. कुठल्या गेटनं आत यायचं? गप्प. जखमी माणूस शुद्धीत आहे का? "हो... थांबा, बघतो." जीआयडीसी म्हणजे रस्त्यांचं जाळं, सगळ्या शेड सारख्या, निम्म्यांवर पाटी नाही. प्लॉट नंबर, जवळच्या मोठ्या कंपनीचं नाव किंवा चौक, काय झालं, किती माणसं, श्वास चालू आहे का, एवढं सांगता आलं पाहिजे, आणि फोन आधी आपण ठेवायचा नाही. एक माणूस रस्त्यावर उभा करायचा, गाडीला हात दाखवायला. पत्ता मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा, कारण घाबरल्यावर स्वतःच्या घराचा पत्ताही आठवत नाही. ही एक गोष्ट मुलाला चोख जमली तर त्याच्या सर्टिफिकेटचे पैसे वसूल झाले असं मी समजतो.

कपड्यांचं थोडं. फिरणाऱ्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून पालक चकित होतात. लेथचा चक किंवा ड्रिल मोज्याचा धागा पकडतं आणि हातासकट ओढून घेतं. मोजे पत्रा उचलताना, गरम वस्तू धरताना. मनगटावरचा गंडा, नवरात्रातली नाडाछडी, गळ्यातली चेन, सैल बाह्या यंत्रावर नकोत. दोरा श्रद्धेचा असेल तर घरी देवापाशी ठेवावा, किंवा कमरेला बांधावा. मुलींनी केस जाळीत बांधावेत, ओढणी नको. पायात बोटांवर स्टीलची टोपी असलेले बूट हवेत. कंपनी देत नसेल तर विकत घ्या, यात काटकसर करू नका. आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकायचे नाहीत. दमून घामेजलेली मुलं एकमेकांच्या अंगावर हवा मारतात, गंमत म्हणून. त्या दाबानं कातडीखाली हवा जाते, गुदद्वारातून आत गेली तर आतडं फाटतं, जीव जातो. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, वडिलांनी सांगितलं तर जास्त बरं.

१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं तेव्हापासून या गावात हातानं काम शिकण्याला मान आहे. आजही आपली मराठी घरं मुलाला "ऑफिसातच बस" असं न म्हणता शॉपवर पाठवतात, याचा मला आनंद होतो. मुलाला घाबरवून घरी बसवू नका. तयार करून पाठवा.

जाण्याआधी घरी करायच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. धनुर्वाताची लस, टीडी, सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. सोळाव्या वर्षाची घेतली होती का ते कार्डावर बघा. नसेल तर आताच घ्या, गंजका पत्रा लागल्यावर धावपळ नको. दमा, फिट येणं, डायबिटीस, कशाची अॅलर्जी, यातलं काही असेल तर सुपरवायझरला आधी सांगायचं. ट्रेनिंग जाईल म्हणून मुलं लपवतात. फिट येणारा मुलगा प्रेसवर उभा असेल तर कुणालाच कळत नाही काय होणार आहे, तोच मुलगा इन्स्पेक्शन टेबलवर किंवा ड्रॉइंगवर मजेत काम करू शकतो. कुणाला फिट आलीच तर तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही. आजूबाजूच्या वस्तू हलवायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, थांबल्यावर कुशीवर वळवायचं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ऊन भाजून काढतं, बाहेरच ४० च्या वर असतं. पाण्याची बाटली, मीठ-साखरेचं सरबत बरोबर द्या. तापलेला, बरळणारा, अंग कोरडं किंवा घामानं थबथबलेलं असा कुणी दिसला तर कपडे सैल करून अंगभर पाणी मारायचं, पंखा लावायचा आणि १०८. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

जखम किरकोळ असली तरी कंपनीच्या नोंदवहीत लिहून घ्यायची, तारीख-वेळेसकट, आणि त्याच संध्याकाळी कॉलेजच्या सरांना मेसेज करायचा. पुढे जखम पिकली, विम्याचा प्रश्न आला, तर त्या दोन ओळींना फार किंमत येते. मुलगा घरी आला की "आज काय शिकलास" याबरोबर "हात दाखव" एवढं म्हणायची सवय लावा.

शेवटी रस्ता. तुम्ही विचारलं नाहीत, पण मला यंत्रापेक्षाही याची धास्ती वाटते. तरसाली बायपास, जांबुवा, हायवेवरचे ट्रक, आणि उशीर झाला म्हणून पळवलेली बाईक. मुलगा अठराचा नसेल तर त्याला वडिलांची गिअरवाली गाडी देता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते ते वेगळंच. त्याच दुरुस्तीत कलम १३४अ आलं. रस्त्यावरच्या जखमीला चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दावा होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. शिबिर केलेल्या मुलाला हे माहीत असावं, म्हणजे तो हायवेवर बघून पुढे जाणार नाही. जाण्यायेण्याला कंपनीची बस असेल तर ती, नाहीतर त्याच बाजूला कामाला जाणाऱ्या मोठ्या माणसाच्या मागे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. आणि पत्रात लिहिलेल्या वेळेनंतर त्याला शिफ्टला थांबवून घेऊ लागले, तर पहिल्याच दिवशी कॉलेजच्या सरांना फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.